जात्यापलीकडची जागा

सासूला सुख द्यायला गेले आणि तिचं होतं नव्हतं ते डोकंही रिकामं करायला निघाले, असा माझा पराक्रम. दुष्टपणा नव्हता हो त्यात, नुसती अक्कल कमी होती. पस्तिशीची पदवीधर बाई मी. मला सगळं कळत होतं, एक सोडून बाकी काही विचारायचं उरलं नव्हतं, आणि ते एक कुठलं तेही माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात रंकाळ्याच्या अलीकडे आमचं घर. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, भल्या सकाळी दुधाची कासंडी घेऊन गंगावेशीत चालत जायच्या आणि म्हशीची धार समोर काढून घेऊन परत यायच्या. मग जात्यावर बसायच्या. पीठ गिरणीत मिळत होतं, पण नाचणी आणि मेतकूट जात्यावरचंच हवं. पूर्वी समोर त्यांची थोरली जाऊ बसायची. तिला त्या अक्का म्हणायच्या. अक्का वारल्यावर समोरची जागा रिकामी राहिली, तरी आत्ती एकट्याच दळायच्या.

त्यांचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. चहात दोनदा साखर, गॅसवर तवा तसाच. त्यांची आईही म्हातारपणी अशीच हरवत गेली होती, म्हणून मी घाबरले आणि निदान केलं: थकल्यात! त्यात शेजारीण म्हणाली, “म्हातारीला अजून जात्याला जुंपलंय व्हय गं तुम्ही?” झालं. दूध घरपोच लावलं, घरघंटी आणली, जातं मुरगूडच्या नणंदेला देऊन टाकलं.

“आत्ती, आता निवांत बसून खावा.”

“बसून खाऊ? मी काय गाभण म्हस हाय? मी कवा दमलो म्हणून सांगितलं तुला?”

मी हसले. मोठ्या मनाची सून ना मी!

चार-सहा महिन्यांत घराची कळा बदलली. आत्ती खुर्चीत बसायच्या त्या बसायच्याच. एके दुपारी स्वयंपाकघरातून ओवी ऐकू आली. जाऊन पाहिलं, तर जातं होतं त्या जागी त्या जमिनीवर बसलेल्या, एक पाय लांब, आणि उजवा हात हवेत गोल गोल फिरतोय. ओवीची एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. दुसरीला आपली ओळ म्हणायला जेवढा वेळ लागेल, बरोबर तेवढाच वेळ. मग समोरच्या भिंतीकडं बघून मान डोलवायच्या आणि पुढची ओळ घ्यायच्या.

पंखा बंद होता. माझ्या मानेवर मात्र गार वारा आल्यासारखं झालं.

“आत्ती, कुणाशी बोलताय?”

“अक्काशी. तू मधनं सरक, तिचा पाय तुडवशील.”

आणि मी पदवीधर बाई, चक्क पाय उचलला.

याला मी हसलेही असते. पण त्याच संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, “पावणं, कुणाकडं आलाय?” बारा वर्षं मी त्या घरात नांदत होते. त्यांच्या डोळ्यांत मला मी कुठंच सापडेना. त्या रात्री ठरवलं, या बाईच्या डोक्यातून मी पुसली गेले तर चालायचं नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “हे उलटं फिरवायचं औषध माझ्याकडं नाही,” ते म्हणाले. “पण त्यांना बसवून कुणी ठेवलं? चालवा. हात हलू देत, माणसांत राहू देत. उतरण जरा हळू होईल, एवढी आशा ठेवू.”

मी नवऱ्याला घेऊन मुरगूडला गेले. नणंदेनं दारातच धरलं. “दिलेलं परत मागाय आलीस व्हय, वैनी? माझ्या आईला शोभेची बाहुली करून ठेवलीस, आता तिला चावी द्यायचीय?” जातं घेऊन आलो.

मग सकाळी रंकाळ्याच्या काठानं चालणं. धुक्यात त्या पुढं, मी धापा टाकत मागं. काही दिवस मी सून असायची, काही दिवस पाव्हणी. मधूनच त्या थांबायच्या, वळून माझ्या मागं बघायच्या, आणि कुणीतरी गाठेपर्यंत थांबावं तशा थांबून मग पुढं निघायच्या. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

आणि चालून आल्यावर दळण. अक्काच्या जागी मला बसावं लागलं. खुंट्याला दोघींचे हात. माझा हात असा बावळट, की जातं अडखळायचं, ओवी तुटायची. आत्ती मला खुशाल “अक्का, जोर लाव की!” म्हणायच्या. मीही मुकाट ओढायची.

एका सकाळी दळता दळता जातं एकदम हलकं झालं. माझा हात नुसता खुंट्याबरोबर जात होता, मी काहीच ओढत नव्हते. आत्तींच्या बारीक मनगटात एवढी ताकद नव्हती. पीठ मात्र भराभर पडत होतं. ओवीत त्या थांबल्या, तेव्हा मी माझी ओळ म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी डाव्या हातानं मला गप्प केलं आणि कान देऊन ऐकत राहिल्या.

मला राहवलं नाही. “आत्ती,” मी म्हटलं, “माझ्याकडं बघा. मी कोण?”

त्यांनी बघितलं. नीट, ओळखीच्या डोळ्यांनी. बऱ्याच दिवसांनी मी तिथं मला दिसले.

“कोण म्हंजे? माझी सून हाईस. कळतंय की मला,” त्या म्हणाल्या. “तेवढं अक्काला सांग, तुझ्या मागं ताटकळत उभी ऱ्हाऊ नगं, बस म्हणावं.”