सुभेदारांचं सुतक

तीस वर्षं फौजेत काढून सुभेदार हिंदुराव जयपुरातच राहिले, झोटवाड्यात दोन खोल्या बांधून. गाव सातारा जिल्ह्यात, पण भाऊबंदांच्या कटकटी नकोत म्हणून परत गेले नाहीत. जवाहर नगरातल्या मराठी मंडळाचा गणपती बसायचा तेव्हा मांडवाचा पहिला खांब तेच रोवायचे आणि शेवटचा दोरही तेच सोडायचे. बँका-विम्यातल्या साहेबलोकांचं मंडळ ते. तिथं सुभेदाराला कामं भरपूर मिळत. मानाची आरती मात्र वाट्याला यायला अकरा वर्षं लागली. २००६ साली एकदाचं यादीत नाव लागलं: पाचवा दिवस, सुभेदारांचे चिरंजीव व सूनबाई.

सूनबाई मिझोरामची. मुलानं, निलयनं, दिल्लीच्या नोकरीत असताना जमवलेली. तिचं नाव लालरेमी, पण लग्नात ताटातल्या तांदळांवर हिंदुरावांनी हट्टानं 'रुचिता' लिहायला लावलं. नाव आपलं झालं की माणूसही सगळ्यांना आपलं वाटेल, असं त्यांना वाटलं. किती भाबडं! लोक नाव विचारतच नव्हते, चेहरा बघत होते.

रुचितानं मात्र कशाचं वाईट वाटून घेतलं नाही. रविवारी चर्चला जायची, संध्याकाळी सासू तारामतीबरोबर देवापुढं दिवा लावायची. मान मिळाल्याचं कळल्यापासून तिनं अख्खी आरती इंग्रजी अक्षरांत उतरवून गॅसच्या वर भिंतीला चिकटवली होती. भाकरी उलटता उलटता म्हणायची. तारामतीनं सुनेसाठी आपली जरीची नऊवारी काढली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मंडळाचे अध्यक्ष श्रीपादराव हिंदुरावांना मांडवामागं घेऊन गेले.

"सुभेदार, गैरसमज नको हं. सूनबाई आम्हाला घरच्याच. म्हणून तर म्हणतो, तिचा तिकडचा नाच ठेवू या ना स्टेजवर. तो बांबूचा. पेपरवालेही येतील. आरतीचं तेवढं... ती ख्रिश्चन, खाणंपिणं वेगळं, दोन-चार घरांतून कुरबुर आहे. ऐनवेळी कुणी काही बोललं तर तुम्हालाच वाईट वाटेल."

रुचिताला नाचता येत नव्हतं. तिला आरती येत होती. एवढी दोन वाक्यं बोलायची होती. गोळीबारात जागचा न हललेला माणूस, पण साहेबापुढं 'जी' म्हणायची सवय हाडीमासी खिळलेली. "जी," एवढंच ते म्हणाले आणि बसस्टॉपवर उभं राहून स्वतःलाच शिव्या घालत राहिले.

घरी आले तर रुचिता नऊवारी नेसून तालीम करत होती. हातात तबकाऐवजी स्टीलची ताटली.

"बाबा, बघा ना. मतलब, ठीक आहे ना?"

"राहू दे, पोरी," हिंदुरावांच्या तोंडून निघून गेलं. "गावाकडनं फोन आलता. माझा चुलतभाऊ गेला. बळवंत. सुतक लागलं आपल्याला. आता दहा दिस मांडवात जायाचं न्हाई."

बळवंत नावाचा भाऊ त्यांना कधीच नव्हता. तारामतीला ते ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि सुनेच्या हातातली ताटली काढून घेतली. संध्याकाळी निलय आला. 'कोण बळवंत?' हे त्याच्या ओठांवर आलं होतं, पण आईचा चेहरा बघून तो बूट सोडायला वाकला.

रुचिता साधा ड्रेस घालून सासऱ्यांजवळ जमिनीवर येऊन बसली.

"बाबा, बळवंतकाकांना मुलं आहेत?"

"दोन मुली."

"छोट्या आहेत?"

"हां."

तिचे डोळे भरून आले. "मी प्रार्थना करू? माझ्या भाषेत? सुतकात चालतं?"

सगळं सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय? मेलं कुणीच नाही, तूच त्यांना नकोयस, हेच ना?

"चालतंय, पोरी," ते म्हणाले.

तिनं डोळे मिटले, हात जोडले. मिझो त्यांना कळत नव्हती. त्या सगळ्या प्रार्थनेत दोनच शब्द ओळखीचे होते. एकदा 'बळवंत' आला. आणि पुन्हा पुन्हा 'बाबा'.