अस्तर सोलू नका, सर

आत्याने तिच्या साहेबांचं बोट यंत्रात घालून चपटं केलं, अशी आमच्या अख्ख्या इमारतीत बातमी आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू तर किती चपटं झालं तेही दाखवतात. साफ खोटं. साहेबांची दहाही बोटं शाबूत आहेत. आत्याने चपटा केला तो बिस्मथ धातूचा दाणा. साहेबांचं फक्त नाक.

आत्या प्रयोगशाळेत धातू दाबते. नीलमण्याच्या दोन चकत्या, दोन्हींना अणूंइतकंच पातळ अस्तर. मध्ये दाणा ठेवायचा, वितळवायचा, आवळायचा आणि दाब न सोडता थंड करायचा. वरची चकती काढली की दोन्ही अस्तरांच्या मध्ये उरतो दोन अणूंच्या जाडीचा पत्रा. एका केसाच्या जाडीत असे लाखभर मावतील. जाड धातूतला प्रवाह बाहेरून विद्युतदाब लावून बदलायला जावं, तर ढिम्म हलत नाही. या पत्र्यात तो नळ फिरवल्यासारखा वाढतो, घटतो. फक्त अस्तर निघता कामा नये. हवा लागली की पत्रा संपला.

हे जमवण्यात तिची कित्येक वर्षं गेली. शोधनिबंध छापून आला तेव्हा लेखक म्हणून साहेब एकटे. आत्या शेवटी, आभारांत, एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या खाली.

ती रडली नाही, भांडली नाही. इस्त्री करता करता म्हणाली, "याला मी चारचौघांत गाठणार. नाव परत घेणार."

साहेबांचं प्रत्येक वाक्य 'मुळात'ने सुरू होतं. मी हनुवटी आत घेऊन "मुळात, चहा गार आहे" म्हटलं की आजोबांना ठसका लागतो.

मग साहेबांचा हा पत्रा चालताना बघायला बाहेरून तपासनीस बाई येणार असं ठरलं. घरच्यांनाही बघायला मुभा होती.

"उद्या तो अस्तर सोलणार बघ," आदल्या दिवशी आत्या म्हणाली.

"इतका काही येडा नाहीये तो. आणि तू आधी सांग ना."

"सांगणार तर! सगळ्यांसमोर सांगणार. मी सांगितलं म्हणूनच सोलेल."

"शक्यच नाही. लाव पैज!"

"हरलास तर महिनाभर कुणाची नक्कल नाही."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच सांगितलं. "सर, अस्तर सोलू नका हं. पत्रा जाईल."

"मुळात, झाकलेली वस्तू पाहुण्यांना दाखवायची कशी? आम्हाला शिकवू नका."

साहेबांनी चिकटपट्टी लावली आणि सर्रकन ओढली. पडद्यावरची प्रवाहाची रेघ घसरत गेली आणि तळाशी आडवी झोपली. त्यांनी वायर हलवली, टेबलाला टपली मारली. रेघ उठेना.

"दुसरा नमुना आहे का?" बाईंनी विचारलं.

साहेब आत्याकडे वळले. आत्या आपली नखं बघत होती.

"अहो, काढा ना दुसरा."

"मी कशी काढू, सर? मी तर आभारांतली. एसीवाल्यांना विचारा, ते माझ्या वर आहेत."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे हे केलंय कोणी?"

आत्या खणाची किल्ली बोटावर गरागरा फिरवत राहिली. साहेबांच्या कानामागून घामाचा ओघळ आला.

"मुळात," आवाज डासाएवढा, "मुळात हे काम यांचंच आहे. नाव घालून... दुरुस्ती छापू."

"कधी?" आत्याने विचारलं.

"याच आठवड्यात."

"बाईंनी ऐकलंय हं," म्हणत तिने खण उघडला. दुसऱ्या पत्र्यावर रेघ तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. अस्तरासकट.

जिन्यातच मी हनुवटी आत घेतली. "मुळा—"

"पैज," आत्या म्हणाली.

साहेबांचं असलं वाक्य जन्मात एकदा हाती लागतं, आणि महिनाभर तोंडाला कुलूप! लिहायला तेवढी तिने बंदी घातली नव्हती.