आधी पाणी, मग गाडी

बाभुळगावच्या सरदार मिस्त्रीची पोरगी आरिफा पॅरामेडिक होऊन मी चालवतो त्या अँब्युलन्सवर आली, तेव्हा मी मनातून नाराजच होतो. सरदारनं माझी जुनी जीप पंधरा वर्षं दुरुस्त केली, माणूस लाखात एक. पण पोरगी काडीसारखी, आवाज बारीक, आणि रोज सकाळी एकूण एक नळी, सुई, बाटली तपासल्याशिवाय गाडी हलू देत नसे.

माझं शास्त्र सोपं होतं. पेशंट उचला, गाडी पळवा. माझा थोरला भाऊ वामनराव फवारणी करताना पडला, तेव्हा मी त्याला जीपमधून वीस मिनिटांत यवतमाळला नेलं होतं. भाऊ वाचला नाही, पण ती वीस मिनिटं मी बारा वर्षं चारचौघांत मिरवली. आरिफालाही पहिल्याच दिवशी ऐकवली. तिनं एवढंच विचारलं, "कपडे काढले होते काय काका त्याईचे?" मला राग आला. मरणाऱ्या माणसाचे कपडे काढत बसायला वेळ कुणाला असतो?

गेल्या सप्टेंबरात भर दुपारी फोन आला. विठ्ठलराव नावाचे शेतकरी कपाशीत फवारणी करताना कोसळले होते. आम्ही पोचलो तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ही गर्दी. विठ्ठलरावांच्या तोंडातून फेस येत होता, अंग घामानं डबडबलेलं, आणि पाठीवरचा पंप गळून सदरा कीटकनाशकानं पार भिजलेला. चार जणांनी त्यांना गाडीत टाकायला उचललंही होतं. आरिफा वाटेत आडवी आली.

"खाली ठेवा. कपडे काढा, आंग धुवा. औषध कातड्यातून आत जाऊन राह्यलं."

"मानूस मरून राह्यला अन् तुले आंघोळ सुचली काय?" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, पोरीच्या जातीनं मोठ्या माणसाचे कपडे काढायला सांगायचे, लाज कशी वाटत नाही!

आणि मी काय केलं? मी हॉर्न दाबला. चांगला लांबलचक, तिच्याविरुद्ध.

"इंद्रजीतकाका, हॉर्न बंद करा! म्या सांगतल्याशिवाय गाडी हालनार नाई."

बारीक आवाजाची पोरगी, पण माझा हात हॉर्नवरून निघाला आणि चौघांनी विठ्ठलरावांना खाली ठेवलं. तेवढ्यात विठ्ठलरावांच्या बायकोनं, विमलताईंनी, पुढे होऊन नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं तटातट तोडली. "तू सांग माय, कसं धुवाचं."

"हातमोजे घाला पह्यले," आरिफा म्हणाली.

एकानं धावत जाऊन पाण्याची बकेट आणली. तो ओतणार तोच आरिफानं ती हिसकावली आणि वास घेतला. त्याच बकेटीत सकाळी फवारणीचं औषध कालवलं होतं. आमच्याकडे शेतात बकेट एकच असते, औषधालाही तीच आणि हातपाय धुवायलाही तीच. इतक्या वर्षांत हे कुणाला खटकलं नव्हतं, मलाही नाही.

आता मात्र माझी मला लाज वाटली. गाडीची काच धुवायला मी पाण्याचे दोन कॅन आणि साबण ठेवतो, ते घेऊन उतरलो. विमलताईंनी आणि मी विठ्ठलरावांना केसांपासून नखांपर्यंत धुतलं. तोवर आरिफानं तोंडातला फेस ओढून काढला, ऑक्सिजन लावला, फोनवर डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं.

"आता चाला. पन हळू, काका. खड्ड्यात माहे हात हालले तं त्याईचा श्वास तुटन."

रस्त्यात विठ्ठलरावांचा श्वास मंदावला. ती रबरी फुगा दाबून त्यांना श्वास देत राहिली. मला आरशात तिचे हात दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंट घेऊन सावकाश गेलो. चाळीस मिनिटं लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "याला कोणी धुतलं? त्यानंच जीव टिकला याचा."

"आमच्या मॅडमनं!" मी एवढ्या जोरात म्हणालो की वॉर्डातले लोक वळून बघायला लागले.

विठ्ठलराव अकराव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेले. त्या संध्याकाळी गाडी धुताना साबण माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, "आरिफा, वामनदादाले तवा धुतलं असतं तं?"

खोटा दिलासा द्यायला तिला जमत नाही. "सांगता येत नाई काका. पन तवा तुमाले सांगनारं कोनी नव्हतं."

मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

यंदा फवारणी सुरू व्हायच्या आधी आम्ही सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरलो. आरिफा म्हणते, उद्या प्रत्येक गाडीवर शिकलेली पोरंपोरी असतील आणि उपचार धुऱ्यावरच सुरू होईल. ती म्हणते म्हणजे होणारच, ही माझी पैज. समाजमंदिरात लोक जमले की आधी मी उभा राहतो. वीस मिनिटांची तीच गोष्ट सांगतो, पण आता माझ्या भावाच्या अंगावर औषधानं भिजलेला सदरा शेवटपर्यंत तसाच होता, हेही सांगतो. मग म्हणतो, "आता आमच्या मॅडम काय सांगते ते ध्यान देऊन ऐका," आणि स्वच्छ पाण्याची बकेट तिच्यापुढे नेऊन ठेवतो.