गेरूची फुली

"ज्या छतावर माझी काठी वाजली नाही, त्याच्याखाली मला झोप लागत नाही," असं महिपतराव इंगळे एकदा आपल्या व्याह्यांच्या बैठकीत म्हणाले होते. तेव्हा ते अजून व्याही झाले नव्हते. लीलाचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, ठरवायला मंडळी जमली होती आणि पोह्यांच्या बशा फिरत होत्या. महिपतराव बसलेच नाहीत. त्यांनी काठी उचलली, छताला इथे तिथे टोकली, मान कलती करून ऐकलं. मग स्टूल मागवलं, वर चढले, कोटाच्या खिशातून गेरूचा खडा काढला आणि खिडकीवरच्या कोपऱ्यात फुली मारली.

"एवढं उतरवा," ते म्हणाले.

परतताना टांग्यात त्यांच्या पत्नी विजयाबाई तोंड फिरवून बसल्या. पण मुलाच्या बापाने तो कोपरा खरंच उतरवला, नवा गिलावा केला आणि निरोप पाठवला की आता येऊन ऐकून जा. म्हणून लग्न जमलं, असं महिपतराव सांगत. पोरगी देखणी होती म्हणून जमलं, असं विजयाबाई सांगत.

ग्वाल्हेर संस्थानच्या इमारत खात्यात महिपतरावांचं काम एवढंच होतं. कुठे शाळा झाली, दवाखाना झाला, की गिलावा वाळल्यावर महिपतराव जात. पितळी बोंडीची काठी, खिशात गेरू. आवाज खणखणीत आला तर पुढे सरकायचं, बद्द, पोकळ आला तर फुली, आणि "एवढं उतरवा." ठेकेदार त्यांना पाठीमागे ठकठकराव म्हणत, आणि "ठकठक बाबू आ रहे हैं" एवढी वर्दी आली की मिस्त्री विड्या विझवत. त्यांचे आजे-पणजे इथे घोड्यावरून आले, ह्यांच्या वाट्याला काठी आली. पण ती काठी त्यांनी तलवारीसारखी सांभाळली. कुणाच्या घरचा चहा घेतला नाही, आणि एकदा मारलेली फुली कधी पुसली नाही.

मग संस्थानं गेली. ग्वाल्हेर आणि इंदूर एका छताखाली आले, दोन्हीकडची खाती एकत्र झाली, आणि नव्या खात्याला कळेना की ह्या माणसाचं करायचं काय. इंदूरकडे अशी जागाच नव्हती, ओव्हरसियर येता-जाता ते काम बघत. महिपतरावांना सिमेंटच्या गोदामावर बसवलं. पोती यायची, पोती जायची. पोत्यावर काठी मारली तर काहीच आवाज येत नाही, नुसती धूळ उडते. ती सगळी वर्षं ते तिथे बसले, म्हणजे बसले नाहीत. गोदामाच्या दारापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. घरी वरणाच्या पातेल्यावर बोट वाजवायचे, बाजारात कलिंगडांवर, दुसऱ्यांच्या घरी भिंतींवर. रात्री उठून आपल्याच भिंतीला कान लावायचे.

छप्पनच्या पावसाळ्यात गोदामही बंद होणार असं ऐकू आलं. आता पुन्हा नवं राज्य होणार होतं आणि राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत ट्रंका माळ्यावरून खाली यायला लागल्या. कोण जाणार, कोण राहणार, एवढंच बोलणं. किला गेटाजवळच्या आपल्या गल्लीत महिपतरावांनी सांगून टाकलं, "आम्हीही जाऊन राहिलोय. तिथे सगळं नवीन बांधताहेत. ठोकणारा माणूस लागणारच."

"भोपाळला जाऊन काय ठोकणार," विजयाबाई म्हणाल्या, "कपाळ?"

पण बोलणं अगदीच हवेत नव्हतं. इमारत खात्यातल्या त्यांच्या जुन्या हेडक्लार्कचा मुलगा रमाकांत आता सचिवालयात होता. नया बाजारात राहायचा. त्याचे वरिष्ठ पागेसाहेब भोपाळच्या बांधकामासाठी माणसं निवडत होते. "काका," रमाकांत म्हणाला, "दिवाळीआधीच्या रविवारी साहेबांना घरी चहाला बोलावतो. तुम्ही या. काठी घेऊन या. त्यांनी एकदा बघितलं की झालं."

ह्याच बोलण्यातून छताचं काम निघालं. रमाकांतच्या माजघराला, इथल्या बहुतेक घरांसारखं, दगडी पट्ट्यांचं छत होतं. पट्ट्यांच्या सांध्यांतून माती गळायची आणि उन्हाळ्यात विंचू पडायचे. शामलाला, रमाकांतच्या बायकोला, सातवा महिना होता. तिला खालून गिलावा हवा होता, सपाट, पांढरा, नव्या सरकारी क्वार्टरसारखा. रमाकांत एकटा भोपाळला पुढे जाणार, बाळंतपण ह्याच खोलीत होणार. महिपतराव म्हणाले, "मी करून देतो. साहेबांना कामही दिसेल."

आयुष्यात त्यांनी कधी गिलावा करून घेतला नव्हता. फक्त ऐकला होता.

पण चूक अज्ञानाची नव्हती, आणि म्हणूनच ती त्यांना खात राहिली. पट्ट्यांवर दर दिवाळीच्या चुन्याचे थर चढलेले होते. ते खरवडून, छिन्नीने दगड खडबडीत करून मगच गिलावा चढवायचा, नाहीतर तो दगडाला धरतच नाही, चुन्याच्या पापुद्र्याला लोंबतो. ह्याच एका कारणासाठी त्यांनी आयुष्यात सगळ्यात जास्त फुल्या मारल्या होत्या. रामदयाल मिस्त्रीने छिन्नी काढली, दोन घाव घातले, खोलीभर धूळ झाली आणि शामलाला खोकल्याची उबळ आली. रविवार जवळ आला होता. महिपतराव बराच वेळ वर बघत उभे राहिले.

"राहू दे," ते म्हणाले. "चढव."

"चढ़ा दूँ, बाबूजी?"

"चढव म्हटलं ना!"

"चिपक जाएगा, बाबूजी, चिंता मत करो," रामदयाल हसून म्हणाला. त्याला काय, त्याचं काम हलकं झालं.

छत सुंदर झालं. वाळत गेलं तसं दुधासारखं पांढरं होत गेलं. शेजारच्या बायका बघून गेल्या. महिपतराव मात्र रोज यायला लागले. कधी सकाळी, कधी गोदाम सुटल्यावर. दारात उभे राहायचे, वर बघायचे, जायचे. काठी घरी ठेवून यायचे.

"काका, आज ठोकताय ना?" शामलाने एकदा विचारलं.

"ओलं आहे अजून, सूनबाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा ते एकदम ओरडले, "सांगितलं ना ओलं आहे म्हणून!" आणि मग दारातच टोपी काढून पुन्हा घातली.  त्यानंतर आले तेव्हा त्यांना दिसलं की पलंग मधोमध नाही. तो भिंतीला, दारालगत, ओढून ठेवला होता.

"हे कशाला?"

"असंच. तुम्ही ठोकलं की मध्ये घेईन." ती हसली. "मामंजी म्हणायचे, महिपतरावाने ठोकलं म्हणजे खाली खुशाल बाळ झोपवावं."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

"अहो, ह्यात एवढं काय?" विजयाबाई म्हणाल्या. "वाईट झालं असेल तर सांगून टाका. पुन्हा करतील."

"रविवारी साहेब येऊन राहिलाय."

"मग साहेब गेल्यावर सांगा."

"आणि साहेबाने ठोकायला सांगितलं तर?"

विजयाबाईंनी ताट झाकून ठेवलं. "मग जिथे चांगलं आहे तिथे ठोका," त्या म्हणाल्या. "सगळं जग तसंच करतं."

 भिंतीजवळ, चारी कडांना, गिलावा पक्का बसला असणार हे महिपतरावांना ठाऊक होतं. तिथे तो भिंतीच्या आधाराने उभा असतो. बाईला हे कसं कळलं, ह्याचंच त्यांना नवल वाटलं. इतकी वर्षं ती त्यांचं ऐकत होती तर.

रविवारी पागेसाहेब आले. सडसडीत, इंदुरी बोलण्याचे, मोकळे. माजघरातच बैठक घातली होती. चिवडा झाला, चहा आला. रमाकांतने घाईघाईने सांगून टाकलं, "आणि साहेब, हे छतही काकांनीच करून घेतलंय."

"असं का?" साहेबांनी वर बघितलं. "बहुत साफ. म्हणजे आज परीक्षक तुम्हीच आणि विद्यार्थीही तुम्हीच. चला, होऊन जाऊ दे. मी ऐकलं तर खूप आहे तुमच्याबद्दल, बघितलं नाही."

महिपतरावांनी कोट सारखा केला. खिशात गेरू होता. तो नेहमीच असे, पण आज तो मांडीला टोचला. काठी हातात आली तशी ती हलकी वाटली, परक्याची असल्यासारखी. स्टूल त्यांनी स्वतः उचललं आणि भिंतीला लावलं. वर चढले. कडेला ठोकलं.

खणखणीत.

थोडं पुढे, पण भिंतीच्या कडेकडेनेच. खणखणीत. साहेबांनी नकळत कप खाली ठेवला. "व्वा," ते म्हणाले. "काय कान आहे! रमाकांत, ह्यांचं मी बघतो. असा माणूस तिथे पाहिजेच."

रमाकांतचा चेहरा उजळला. महिपतराव खाली उतरले.  संपलं होतं. भोपाळ झालं होतं. गल्लीत सांगितलेलं खरं झालं होतं. साहेब गेले की रमाकांतला बाजूला घेऊन सांगता येईल, की मधला भाग जरा पुन्हा करून घे. की उद्या सांगावं? की तो भोपाळला निघायच्या आदल्या दिवशी?

"बरं झालं बाई," शामला म्हणाली. तिने पदर खोचला, पलंगाच्या पायथ्याशी गेली. "अहो, जरा हात लावा ना. मध्ये घेऊ या. दाराशी फार वारा लागतो."

"आत्ता? साहेब बसलेत," रमाकांत म्हणाला.

"बसू देत की. घरचेच आहेत."

साहेब हसले आणि स्वतःच उठून पलंगाला हात लावला. पलंग फरशीवरून कुरकुरत सरकला, खोलीच्या मध्यावर आला. शामलाने चादर ओढून नीट केली आणि एक हात कमरेला लावून त्यावर बसली. वर बघितलंसुद्धा नाही. आता बघायचं कारण नव्हतं.

महिपतराव तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी स्टूल उचललं.

"काका, झालं की," रमाकांत म्हणाला.

"उठ, सूनबाई. बाजूला हो," ते म्हणाले. ती उठली. त्यांनी पलंग मागे ढकलला, त्याच्या जागी स्टूल ठेवलं आणि वर चढले. काठी उचलली, आणि छताच्या मधोमध ठोकली.

बद्द.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याला कान लागत नव्हता. त्यांनी पुन्हा ठोकलं, हातभर पुढे, हातभर मागे. बद्द. बद्द. एक पातळ पापुद्रा सुटला आणि स्टुलावर पांढरा चुरा सांडला. साहेबांनी रमाकांतकडे पाहिलं. रमाकांतने खाली पाहिलं.

"काका, हे काय करून राहिलात?" तो पुटपुटला.

महिपतरावांनी गेरू काढला. हात पुरत नव्हता म्हणून टाचा उचलल्या. त्या दुधासारख्या छतावर त्यांनी फुली मारली. लहान नाही, कोपऱ्यातली नाही. हात जाईल तिथपासून हात जाईल तिथपर्यंत, मग दुसरी रेघ, तितकीच लांब, पहिलीवरून. गेरूची लाल भुकटी त्यांच्या टोपीवर, मिशीवर पडली. खडा मध्येच तुटला, तो त्यांनी खिशात टाकला.

ते खाली उतरले. स्टूल भिंतीला होतं तिथे नेऊन ठेवलं. शामला दोन्ही हात पोटावर धरून दारापाशी उभी होती आणि फुलीकडे बघत होती. साहेबांनी काहीतरी विचारण्यासाठी तोंड उघडलं. फुली मारली की महिपतराव नेहमी "एवढं उतरवा" म्हणत, त्याची सगळे वाट बघत होते. त्यांनी काठी काखेत घेतली, जोड्यांत पाय घातले, शामलाच्या बाजूने वाट काढली आणि एक शब्दही न बोलता बाहेर पडले.