वारा तोंडावर घेऊन
चंदनाच्या साबणाचा वास आला की मला आखातातल्या अल ऐन शहरातला माझा पहिला हिवाळा आठवतो. बायको-मुलं नागपूरलाच होती. सुट्टीच्या दिवशी बोलायला कोणी नसायचं, म्हणून मी गाडी काढून वाळवंटाच्या कडेला जाऊन बसायचो. तिथे एका झाडाखाली एक हरीण चरायला यायचं, पण फोटो काढायला उतरलो की पळून जायचं. हे मी फोनवर बाबांना सांगितलं. आई गेल्यापासून ते “जेवलास का?” एवढंच विचारून फोन ठेवायचे. त्या दिवशी मात्र, तरुणपणी आपल्या काकांबरोबर शिकारीला जाणारे बाबा बोलतच राहिले. “वासाचा साबण लावू नकोस. वारा तोंडावर घेऊन चाल. ते चरत असेल तेव्हाच पाऊल टाक, मान वर केली की जागीच थांब. आणि त्याच्या डोळ्यांत बघू नकोस.” पुढच्या सुट्टीला मी माझा चंदनाचा साबण बाजूला ठेवून नुसत्या पाण्याने अंघोळ करून गेलो आणि गार वाळूवरून थांबत थांबत इतका जवळ पोचलो की त्याचं चघळणं ऐकू आलं. फोटो पाठवताच बाबांचा फोन आला. “एकटंच आहे का रे?” मी हो म्हणालो. “कळपातून सुटलेलं दिसतंय,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी विचारलं, “तू कसा आहेस?” मी म्हणालो, “मजेत.” त्यावर त्यांनी नेहमीसारखा फोन ठेवला नाही, ते तसेच फोनवर थांबून राहिले. आता बाबा नाहीत. कोणी विचारलं की मी अजूनही मजेत म्हणतो, आणि समोरचा लगेच दुसऱ्या विषयाकडे वळतो.