अतिविषाचं निळं फूल

ताई,

मी टांग्यात चढलो तेव्हा बाबा म्हणाले, "पहाडात चाललास, तर अतिविषाचं फूल पाहून घे रे. मी जन्मभर नुसती त्याची मुळीच विकली." माय म्हणाली, "फूल गेलं उडत, कान झाकत जा." तू पोटुशी, जैनाबादहून नावेने माहेरी आलेली, अन् फुरंगटून बसलेली. बाबांचं सिंधीपुऱ्यातलं चालतं औषधाचं दुकान टाकून रानातली झाडं धुंडाळणाऱ्या साहेबाची फुलं वाळवायला कोण जातं, म्हणून!

हिमालयात, चकरात्याच्या वर देवदार संपतात अन् कुरण लागतं, तिथे ते दिसलं. निळसर, टोपी घातल्यासारखं. मी वेड्यासारखा नाचलो. तुझं बाळ दोन महिन्यांचं झालेलं. त्याच्या गुटीत उगाळायला म्हणून भराभर मुळ्या उपटल्या, वाळवल्या, पार्सल केलं. मामाच्या हातचं अतिविष! काय तो तोरा माझा!

पार्सल गेल्यावर आठवड्याने साहेबाने माझा फुलं चिकटवलेला कागद उजेडात धरला. "बाबू, ये तो दो अलग पौधे हैं." एकाची पानं अखंड, दुसऱ्याची पार चिरलेली. दुसरा बचनाग, जहर. टोपी दोघांनाही असते, अन् मी गाढवाने टोपीच पाहिली होती.

तारघर दिवसभराच्या उतारावर. पळतच गेलो, तार केली: मुळी उगाळू नका. दोन दिवस उत्तर नाही. तारघरासमोर येरझारा घालत होतो. तारबाबू म्हणे, "भाई, बैठ तो जाओ." कसा बसणार? ज्या पोराचं तोंड पाहिलं नाही, त्याला मीच मारलं असं वाटत होतं.

बाळ सुखरूप, अशी तार आली. मागून तुझं पत्र. तार पोचण्याआधीच बाबांनी एकेक मुळी स्वतःच्या जिभेला लावली होती. चार मुळ्यांनी जीभ बधिर झाली, त्या त्यांनी परसात खोल पुरल्या. दोन दिवस त्यांना वरणाची चव कळली नाही.

त्यालाही आता चार वर्षं झाली. तीन डोंगर बदलले, जीव कुठे ठरत नाही. गेल्या महिन्यात जर्दाळू पाठवले. तू लिहिलंस, बाबांनी आधी एक खाल्ला, घटकाभर वाट पाहिली, मग पोराच्या हातावर ठेवला. वाचून हसलो, मग रडू आवरेना. माझा भरवसा राहिला नाही, तरी माझं पार्सल फोडतात, तेवढंच माझं घर. हिवाळ्यात येतो. मलाही तपासून घ्या.