मी वाचून दाखवलेलं कार्ड

तेलंगणात, भीमपूरकडच्या आमच्या मराठी गावात तेलुगूतला सरकारी कागद आला की लोक माझ्याकडे वाचायला आणायचे. मी मराठी शाळेतला मास्तर, घरात तर माझाच शब्द शेवटचा. मुलगी चौथीत असताना तिच्या शाळेत रक्ततपासणी झाली. कार्ड आलं तेही तेलुगूत. ती सिकलसेलची वाहक होती. म्हणजे आजार नाही, पण रक्तात दोष आहे. आमच्याकडे सोयरीक जुळवताना हल्ली हे विचारतात. मी बायकोला वाचून दाखवलं, "सगळं ठीक हाय," आणि कार्ड कपाटात माझ्या प्रमाणपत्रांखाली ठेवून दिलं.

मुलगी मोठी झाली, पोलीस भरतीची तयारी करू लागली. जीव तोडून थोडं पळायचं, जरासा दम घ्यायचा, पुन्हा पळायचं, हा सराव तिने मोबाईलवर पाहिला होता; याने रक्तही सुधारतं, असं त्यात सांगितलं होतं. शिट्टी मी वाजवायचो. दोन महिन्यांत तिचा दम चांगलाच वाढला. "बाबा, रक्त सुधरून राह्यलं माझं," ती हसत म्हणायची. मी पुढच्या फेरीची शिट्टी फुंकायचो. कार्ड विसरलो होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मार्चात ऊन तापलं. भरती जवळ आली म्हणून मीच विश्रांती अर्ध्यावर आणली. सहाव्या फेरीला ती मैदानातच बसली. मांड्या लाकडासारख्या घट्ट, पाय हलेनात.

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला सिकलसेल आहे का.

"नाही जी," बायको माझ्याकडे बोट दाखवत ठामपणे म्हणाली. "हिचं लहानपणीच तपासलं हाय. यायनं सोता वाचलं."

मग मला तोंड उघडावं लागलं. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

डॉक्टर म्हणाले, एरवी असं रक्त पळण्याच्या आड येत नाही. पण उन्हात, पाण्याविना, दम न घेता शरीर ताणलं तर तांबड्या पेशी वाकड्या होऊन अडकतात. पोरगी वाचली. सलाईन चालू असताना तिने एवढंच विचारलं, "काऊन नाही सांगितलं, बाबा? मी पानी पिऊन, थांबून थांबून पळाली असती."

आता ती पुन्हा पळते, पहाटेच्या गारव्यात, पाण्याची बाटली घेऊन. शिट्टी तिची आई वाजवते.

परवा बायकोच्या नावाने कचेरीतून एक कागद आला, तेलुगूत. तो घेऊन ती शेजारच्या, तेलुगू शाळेत शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्यायला गेली. मी घरातच होतो.